चौदा आक्षेप

दिगंबर परचुऱ्यांनी चौथा रेडिओही नापास केला तेव्हा श्यामलाबाई कणीक मळत होत्या. याला काय झालं, असं त्यांनी आतूनच विचारलं. घुमतो, असं म्हणून परचुरे कागदाखाली कार्बन सरकवून आक्षेप लिहायला बसले.

परचुरे सरकारी ऑडिटमध्ये होते. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याबद्दल सरकार त्यांना पगार देई. घरी ते हेच काम फुकट करत. नागपूरहून बदली होऊन बंगाली मुलुखात, बालीगंजला आल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि या दीड वर्षात त्यांनी दोन दूधवाले, एक धोबी आणि पंख्याची एक आख्खी कंपनी नापास केली होती. हल्लीचे व्यापारी म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे त्यांचं ठाम मत होतं. पेपरातली जाहिरात ते पुरावा म्हणून वाचत.

अशाच एका जाहिरातीत शरच्चंद्र दास सापडले. गडियाहाटला त्यांचं रेडिओचं लहानसं दुकान होतं. सेट ते स्वतः मागच्या खोलीत जुळवत आणि खोकी सुताराकडून करून घेत. ‘आठ दिवस घरी वाजवून पाहा, पसंत नसल्यास परत’ असं त्या भल्या माणसानं छापलं होतं. परचुऱ्यांसारखं गिऱ्हाईक याच शहरात राहतं, हे त्याला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार.

पहिल्या सेटचा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा होता. दुसऱ्याचा काटा स्टेशनच्या जरा पुढे जाऊन थांबे. तिसरा तापेपर्यंत बातम्या अर्ध्या होऊन जात. चौथा घुमला. प्रत्येकाबरोबर इंग्रजीत टंकलेल्यासारख्या सुवाच्य अक्षरात आक्षेप गेले. नक्कल घरच्या फायलीत राहिली. एकूण आक्षेप झाले चौदा.

श्यामलाबाईंना मात्र चारही सेट आवडले होते. संध्याकाळी काटा जपून फिरवला की खरखरीतून मुंबई लागे, आणि कुणीतरी मराठीत बोलू लागे. काय बोलतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बाजारभाव सांगितले तरी त्या पदराला हात पुसून ऐकत बसत. एरवी त्या घरात मराठी बोलणारे एकटे परचुरे, आणि ते बोलत ते भाजीत मीठ जास्त झालं एवढंच. सेट परत गेला की संध्याकाळ खायला उठे. त्या रडत नसत, पण मोलकरणीला विनाकारण रागावत.

चौथा सेट न्यायला आलेल्या शरत्‌बाबूंनी हात जोडले. आणखी एकच सेट देईन, तोही परत आला तर दुसरं दुकान पाहा, असं ते म्हणाले. दुसरं दुकान आठ दिवस सोडा, आठ मिनिटंही सेट घरी देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परचुरे ऑफिसला गेल्यावर श्यामलाबाईंनी फाईल काढली, पिशवीत घातली आणि गडियाहाट गाठलं. मोडक्यातोडक्या बंगालीत त्यांनी शरत्‌बाबूंना समजावलं की आपला नवरा वाईट नाही, त्याची एक पद्धत आहे.

“आक्षेप घेतला की समोरच्या ऑफिसानं उत्तर द्यायचं असतं,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांना अजून एकाही दुकानदारानं उत्तर दिलेलं नाही. तुम्ही यातला एकेक दोष काढून नवा सेट बनवा, आणि कुठे काय केलं ते क्रमवार लिहून द्या.”

शरत्‌बाबूंनी चौदा आक्षेप दोनदा वाचले. मग वहिनीला म्हणतात तसं ‘बौदी’ म्हणून त्यांना बसवून घेतलं आणि चहा मागवला.

पाचवा सेट रविवारी आला. शिसवी रंगाचं नवं खोकं, त्यावर पिवळी जाळी, आणि सोबत टाइप केलेले तीन कागद. आक्षेप क्रमांक एक, दखल घेतली, निवारण केले. आक्षेप क्रमांक दोन, मान्य, निवारण केले. असे चौदा. खाली सही, तारीख आणि शिक्का.

परचुऱ्यांनी आधी कागद वाचले. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा काही निवळला की श्यामलाबाईंना लग्नातले परचुरे आठवले. मग त्यांनी रेडिओ लावला, डोळे मिटले आणि पाच मिनिटं ऐकलं. श्यामलाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांनाही आवाज पहिल्यापेक्षा कितीतरी मोकळा वाटला.

“पास,” परचुरे म्हणाले.

एका पैचीही घासाघीस न करता त्यांनी किंमत मोजली. मग ते खालच्या मजल्यावरच्या मित्रबाबूंना वर घेऊन आले आणि जागरूक गिऱ्हाईक असलं की कारखानदार कसा सुधारतो, हे त्यांना उदाहरणासह सांगू लागले. मित्रबाबूंनी मान डोलावली. आवाजात फरक आहे खरा, असं त्यांनाही वाटलं.

श्यामलाबाई शरत्‌बाबूंना जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. त्यांचं मन भरून आलं होतं. एवढ्या थोड्या दिवसांत चौदा दोष काढून असा सेट बनवायचा म्हणजे तुम्हाला रात्रंदिवस खपावं लागलं असेल, तुमचे उपकार कसे फेडू, असं त्या म्हणाल्या.

शरत्‌बाबूंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“सेट पहिलाच आहे, बौदी. चारही वेळा तोच होता, फक्त खोकं बदलत होतो. खपलो ते या खेपेला, टायपिंग करताना.”