झाकणाचं भोक

बाबा गेल्यावर त्यांची जुनी पिकअप मी दुरुस्तीला घेतली. तेव्हापासून ती सुरू व्हायची, पण दहाव्या मिनिटाला मान टाकायची. महिनाभर पंप, प्लग, कार्ब्युरेटर, सगळं खोलून पाहिलं. आज भंगारवाला फाटकात टेम्पो आडवा लावून बसला होता. “ताई, मढ्याला औषध कशाला पाजताय?” “शेवटची दहा मिनिटं,” मी म्हणाले. दहाव्या मिनिटाला गाडी बंद पडली. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीने सुर्रकन हवा ओढली. आई म्हणाली, “झाकण बदललंस?” “पहिल्याच दिवशी. जुन्याला गंजून भोक पडलेलं.” “खिळ्याने त्यांनीच पाडलेलं. हवा शिरल्याशिवाय पेट्रोल उतरत नाही म्हणाले. चांगलं झाकण बिघडवलं म्हणून मी दोन दिवस बोलले नव्हते.” आईने नव्या झाकणावर खिळा धरला, मी हातोडी मारली. इंजिन दहा मिनिटं चाललं, वीस चाललं. मग फाटकातला टेम्पो काढायला भंगारवाल्याला हॉर्न दिला.