काळं शिंग

"ह्या माझा शिंग न्हय," आबा म्हणाले.

गुरुदास कासाराने भात्यावरचा हात काढला. शिंग आबांच्या मांडीवर आडवं होतं. काळंभोर. तोंडाची कड तेवढी सोनेरी ठेवलेली, आणि तिच्यालगत काळ्यातून कोरून काढलेली एक वेल. देखणं होतं. तिथेच आबांना पहिला संशय आला.

"तुमचाच आसा ता," गुरुदास ओरडला. "मोरचूद नि नवसागराचा पाणी, मगे विस्तव, मगे खोबरेल. नुसतो रंग तो. आवाजाक काय्येक होवचा नाय."

दोन हात अंतरावर तर बसला होता. खरं बोलणारा माणूस एवढा ओरडतो कशाला?

"माझ्या बापाशीन पाडल्लो पोचो खंय गेलो?"

"ठोकून काढलंय. फुकट."

म्हणजे ओळखीची खूणही गेली.

आबांनी शिंग ओठांना लावलं. ओठ थरथरले, दाढा झणझणल्या, आणि बाहेर आलं ते घोगरं, विझलेलं काहीतरी. गेल्या वर्षी आपल्या शिंगाचा वरचा सूर खाडीपलीकडे गेला होता. तो सूरच नव्हता. गुरुदासने मात्र मान डोलावली आणि दारात उभ्या यमुनाबाईंकडे बघून ओठ हलवले. यमुनाबाईंनीही हलवले.

बायकोसुद्धा.

शिंग काळं करायची कल्पना तिचीच. खाऱ्या वाऱ्यात पितळ हिरवं पडतं, चिंच लावून घासताना हात सोलतात, म्हणाली. पण सावंतवाडीच्या या कासाराचं नाव तिला कोणी सांगितलं? गुणाजीने. आबांच्या चुलतभावाने.

इथे सगळं जुळत होतं. शिंग वर्षभर पेटाऱ्यात असायचं, एकदाच निघायचं, रवळनाथाच्या पालखीला. फुंकायचा मान आबांच्या घराचा. शिंग वाजल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नसत. वाजलं नाही, तर मान पुढच्या घराकडे. पुढचं घर गुणाजीचं. सध्या तो पालखीपुढे झांजा वाजवी.

परतताना नाक्यावर एस.टी. मागून थेट अंगावर आली. हॉर्न नाही, काही नाही. यमुनाबाईंनी दंड धरून ओढलं म्हणून वाचले. ड्रायव्हर खिडकीतून हात नाचवत होता.

"मारतलो होतो मेलो. हॉर्न वाजवूक काय झाला?"

यमुनाबाईंनी त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं. पदराने डोळे पुसले. धूळ फार उडाली होती.

ड्रायव्हर गुणाजीच्या सासुरवाडीचा होता. आबांनी तेही लक्षात ठेवलं.

गावात तर उघडच चाललं होतं. तोंडावर सगळे मोठमोठ्याने बोलत, पाठ वळली की कुजबुजत. आबा पारावर गेले की माणसांचे ओठ हलत राहत, आणि शब्द मात्र गिळलेले.

पालखीच्या आदल्या दिवशी गुणाजी अंगणात आला. आबांच्या कानाशी लागला, नेहमीसारखा. गोड बोलणारे असेच कानाशी लागतात.

"शिंग बरा झाला मा, आबा?"

"तुका मान होयो काय रे?"

"माका? फुंकूक गेलंय तर माझे दात पडतले. झांजा आसत, तेच पुरे."

"म्हणानच शिंग बदलून घेतलंस."

गुणाजी हसला. मग हसायचा थांबला आणि यमुनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

पुरे झालं. आबांनी मनाशी ठरवलं, उद्या फुंकायचं. शिंग मुकं राहिलं की देवासमोर, साऱ्या गावासमोर, गुणाजीकडे बोट करायचं. मान गेला तर गेला. चोर तरी दिसेल.

दुसऱ्या दिवशी देवळाचं आवार भरलं होतं. पालखी पायरीवर ठेवलेली. भोई बाजूला उभे, हात जोडून. पुजाऱ्याने खूण केली.

आबांनी छाती भरून घेतली आणि फुंकलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. दाढा झणझणल्या. डोळे मिटून, श्वास संपेपर्यंत फुंकलं.

काही नाही. घोगरंसुद्धा नाही.

त्यांनी शिंग खाली घेतलं. डोळे न उघडताच हात वर केला, बोट रोखलं.

"आयकलात मा सगळ्यांनी? हो गुणाजी..."

डोळे उघडले.

पायरी रिकामी होती. पालखी भोयांच्या खांद्यावर चढून चालूही लागली होती. वडावरचे कावळे आभाळात फिरत होते. एका आईने कडेवरच्या पोराचे कान तळव्यांनी झाकले होते. आणि आबांच्या बोटासमोर, हातभर अंतरावर, गुणाजी जीव तोडून झांजा वाजवत होता. पिवळ्याधमक झांजा. त्यांना कोणी काळा रंग दिला नव्हता, आणि त्याही वाजत नव्हत्या.