कोकिळेला हातमोजे

कडूबा आंब्याखाली उकिडवा बसून वर बघत होता. वर मोहोर होता, मोहोरावर माशा होत्या, आणि पानांत कुठंतरी कोकिळा ओरडत होती. मांडीवरच्या वहीत मात्र चार दिवसांत दोनच घोषवाक्यं उतरली होती.

तो वाळूजच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा कापणाऱ्या मशीनवर, होता. तिथं सुरक्षा सप्ताह चालू होता. घोषवाक्य लिहून गेटवरच्या पेटीत टाकायचं, आज शेवटचा दिवस, पहिलं बक्षीस मिक्सर. "सुचत नसेल तर निसर्गात जा," सेफ्टीवाले साहेब म्हणाले होते. "वसंत ऋतू आहे. डोळे उघडे ठेवले की सुचतं." एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण कडूबानं कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मिक्सर आपल्याच घरी येणार, आणि घरी आल्यावर बायकोला, सरूबाईला, तो ठेवायची जागाही दाखवली. फळीवरचे डबे तिनं तेव्हाच एका बाजूला सरकवले होते. ते अजून तसेच दाटीनं उभे होते.

आत्ता ती पाच पावलांवर उखळात लाल मिरची कुटत होती. दर दोन घावांनी कडूबाला ठसका लागत होता.

"झालं का?"

"होत आलंय."

"वाचा की मग."

कडूबानं घसा साफ केला. "कोकिळा गाते आंब्यावरी, हातमोजे घाला दोन्ही करी."

मुसळ थांबलं. "कोकिळेनं?"

"कोकिळेनं कशाला? कामगारांनी."

"मग तिला कशाला मधी आणली?"

"वसंत ऋतू आहे म्हणून."

सरूबाईनं उखळातली मिरची वरखाली केली. "दुसरं वाचा."

"पळस फुलला रानोरानी, चष्मा लावा ग्राइंडिंगच्या ठिकाणी."

"हे लई बरंय," ती म्हणाली. "मिक्सर नाय यायचा, पण बरंय."

कडूबानं आणखी थोडा निसर्ग पाहिला. लिंबाला तांबूस पालवी फुटली होती. एक मुंगळा त्याच्या बुटावर चढून पलीकडं उतरला. मुंगळ्यावरून त्याला शिस्त सुचली. शिस्तीपुढं 'मस्त' चांगलं बसत होतं, पण प्रेसवर कुणी मस्त असलेलं साहेबांना चाललं नसतं. त्यानं ते खोडलं. दोन वाजले. अडीचला फाट्यावर बस. त्यानं वही मिटली, शर्टाची बटणं लावली. सरूबाईनं हात धुतले आणि डबा आणून दिला.

"या," ती म्हणाली. रोज म्हणायची तसंच.

कडूबा हलला नाही. मिक्सर गेल्याचा राग कुठंतरी काढायचा होता. "येताना काय आणू ते सांग."

"काय नको."

"नको कसं? मी शिफ्टवरून आलो की तू आधी हाताकडंच बघतीस. तोंडाकडं नाय, हाताकडं. रिकामे दिसले की गप आत जाऊन ताट वाढतीस. मला काय कळत नाय व्हय? सांग, भजी आणू का खारी?"

सरूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग पदरानं नाक पुसलं. मिरचीचा खकाणा होताच.

"बोटं मोजते मी," ती म्हणाली.

"काय?"

"शेजारचे पुंजारामभाऊ तुमच्याच प्रेसवर गेले ना, तवा दहा होती. आले तवा आठ." कोंबडीची अंडी सांगावीत तसं तिनं सांगितलं. "दहा भरली की ताट वाढते."

"रोज?"

"शिफ्ट रोज अस्ती ना तुमची?"

ती पुन्हा उखळाशी जाऊन बसली. आंब्यावर कोकिळा परत सुरू झाली. कडूबानं या खेपेला वर पाहिलं नाही. त्यानं वहीतलं एक कोरं पान फाडलं, डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं. मग पळत फाटा गाठला.

बसमध्ये शेजारच्या प्रेसवरच्या रामकिसननं त्याला खिडकीजवळून हाक मारली. जागा धरून ठेवली होती. "आण, बघू दे मिक्सर," म्हणत त्यानं कडूबाच्या खिशातला कागद ओढूनच घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"'घरी बोटं मोजतात. दहा भरली की मगच ताट वाढतात.'"

मागच्या सीटवर कुणीतरी हसलं.

"यात सुरक्षा हा शब्दच नाय," रामकिसन म्हणाला. "फूल नाय, पाखरू नाय. एवढे चार दिवस झाडाखाली बसून हेच आणलं का रे? मिक्सर गेला तुझा."

"जाऊ दे," कडूबा म्हणाला. "डबे परत पसरून ठेवू."

रामकिसननं कागद घडी करून परत दिला आणि स्वतः बाहेर बघू लागला. रस्त्याच्या कडेनं पळस फुलला होता, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. मांडीवरच्या हाताचा अंगठा एकेका बोटाला टेकत करंगळीपर्यंत जात होता, आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू होत होता.