फुकटचा राखणदार

पोराने कॉम्प्युटरवर फुकटचा अँटिव्हायरस टाकला आणि वर मलाच ऐकवलं, "आई, आता यात चोर शिरायचा नाही."

मी म्हटलं, "फुकट राखण करणारा पोट कशावर भरतो, ते आधी विचार."

आठवड्यातच पडद्यावर जाहिराती नाचायला लागल्या, एकट्या बाईसाठी भाड्याची खोली. आम्ही काय शोधतो ते हा राखणदार बाहेर विकत होता. पोराला त्याचं काही नाही. तो बायकोवर उखडला. "खोली कोणी शोधली? कुठे पळायचंय तुला?"

माझ्या तोंडाला अख्खी गल्ली लागत नाही, पण तेव्हा मी खाली बघून खरकटी भांडी गोळा करायला लागले.

"मीच शोधली," सून मान खाली घालून म्हणाली.

त्याने कॉम्प्युटरला पासवर्ड घातला, आमचे फोन काढून घेतले आणि दारातच खुर्ची टाकून बसला.

मी भांडी घासत होते. सून शेजारी आली, नळ मोठा सोडला आणि हळूच म्हणाली, "आई, टाइप करता येत नाही म्हणून तुम्ही कॉम्प्युटरशी बोलून खोली शोधत होतात, ते मी ऐकलं होतं. पुन्हा संधी मिळाली, तर दोघींना मावेल अशी शोधा."