वेल्कोची सोफिया

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वेल्को कोटाची बटणं लावत होता आणि पेना त्याच्या बोटांकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच थांबवून सांगितलं होतं, की आता यांना इथे आणू नका, घरी न्या, मागतील ते खायला घाला. वेल्कोने विचारलं तेव्हा ती म्हणाली, गोळ्या बदलून दिल्यात.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? उगीच घाबरवलंस मला." वेल्कोला एकदम हुशारी आली. गावाकडची गाडी संध्याकाळची होती, अख्खा दिवस हाताशी होता. "चल, तुला माझी सोफिया दाखवतो. ट्राम नको, पायी. शहर पायांनीच कळतं."

पेनाने राजधानीत पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. पण ही सोफिया तिच्या घरात चाळीस वर्षं नांदत होती, सवतीसारखी. लग्नाआधी वेल्को इथे ट्राम चालवायचा. त्या काळी राजधानीत राहायचा परवाना मिळणं म्हणजे नशीब उघडणं. तो त्याला मिळाला होता, सिंहांच्या पुलाजवळ खोली होती, आणि ते सगळं त्याने पेनापायी सोडलं होतं, कारण आजारी आईला टाकून यायला ती तयार नव्हती. सूप खारट झालं, छप्पर गळलं, मुलगा स्पेनला निघून गेला, काहीही झालं की वेल्को हे काढायचा. पेनाचं तोंड मग बंद व्हायचं. वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेला द्राक्षमळा त्याने विकायला काढला, तेव्हाही ती गप्प राहिली. ज्याने आपल्यासाठी राजधानी सोडली, त्याला मळ्यासाठी नाही कसं म्हणायचं?

हात पाठीमागे बांधून वेल्को पुढे, पिशवी घेऊन पेना मागे. पिवळ्या फरशांच्या रस्त्याने तो मालकासारखा चालत होता. सोनेरी घुमटांच्या चर्चपाशी त्याने टोपी काढली आणि म्हणाला, हा उतार संपला की सिंहांचा पूल. उतार संपला, पूलही आला. पण पुलाच्या खांबांवर गरुड होते.

वेल्को थबकला. मग म्हणाला, यांनी सगळं बदलून टाकलंय. पेनाला ते पटलं. सरकार बदललं की पुतळे बदलतात, एवढं खेड्यातही ठाऊक होतं. तिने वर्तमानपत्रं विकणाऱ्या बाईला वाट विचारली. बाई म्हणाली, सिंह तिकडे, स्टेशनच्या वाटेवर. डोंगर पाठीशी धरून चालत राहा, या गावात शेंबडं पोरही हरवत नाही. वेल्को तोवर एका दुकानाच्या काचेत टोपी सारखी करत होता.

दुपारी ते जुन्या हमामखान्याजवळ पोचले. बाहेर नळांची रांग होती, लोक कॅन भरत होते. वेल्कोला दम लागला होता. त्याने नळाखाली ओंजळ धरली आणि चटका बसल्यासारखे हात मागे ओढले. पाणी कढत होतं.

"पूर्वी गार असायचं," तो हात झटकत म्हणाला.

शेजारी बाटली भरणारी म्हातारी हसली. "कुठलं गार, बाबा? जमिनीतूनच असं येतं. माझी आजी याच पाण्याने न्हायची. बाहेरगावचे दिसता."

पेना त्या वाफेकडे बघत राहिली. राजधानीत राहिलेल्या माणसाला हे पाणी ठाऊक नाही, असं होईल का? तिने मनातल्या मनात बरंच मागे जाऊन पाहिलं, आणि प्रत्येक ठिकाणी तिला आपणच मान खाली घातलेली दिसली.

बाकावर बसल्यावर तिने त्याला चीज भरलेली गरम बानित्सा आणून दिली. दोन घास खाऊन त्याने ती बाजूला ठेवली. चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज मऊ होता.

"एक सांगू, पेना? तुझ्यापायी हे सगळं सुटलं माझं. पण आता मनात राग नाही. माफ केलं मी तुला."

पेनाच्या जिभेवर दोन गोष्टी एकदम आल्या. एक डॉक्टरीणबाईंची, एक तिची स्वतःची. दोन्ही खऱ्या होत्या. तिने दोन्ही गिळल्या आणि विचारलं, "तुझी खोली कुठली होती? तेवढी दाखव."

वेल्कोने मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. सिंहांचा पूल अजून लांब होता, हे तो विसरला असावा. समोरच्या इमारतीकडे त्याने बोट केलं. "ती. वरची खिडकी."

खिडकीत कोणाचं तरी धुणं वाळत होतं. पेनाने खिडकी नीट बघून घेतली. "उजेड चांगला असेल," ती म्हणाली.

गाडीत बसल्याबसल्या वेल्कोचा डोळा लागला. घोरता घोरता त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. पेनाने खांदा काढून घेतला. डोकं खिडकीकडे कलंडलं आणि काचेवर आपटू लागलं. ती ऐकत बसली. शेवटी समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, अहो, त्यांच्या डोक्याखाली काहीतरी द्या की.

पेनाने शाल काढली, घडी केली, काच आणि डोकं यांच्यामध्ये नीट सारली.

"दमलाय," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदाच सोफिया बघितली ना त्याने."

वेल्कोचं घोरणं थांबलं. डोळे मात्र त्याने उघडले नाहीत.