रविवार सोडून

“काच नाकाच्या शेंड्यापर्यंतच हवी,” दुकानदार म्हणाला. “काचेवरून बघायचं, काचेतून नाही.”

कॅशियर आपल्याच मोटारसायकलवर ताठ बसले होते आणि दुकानदार त्यांच्यासमोर एकेक काच धरून बघत होता. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना कॅशियरच म्हणत. आज मात्र ते चोरासारखे आले होते. गाडीला काच लावायची नाही, वारा तोंडावर घ्यायचा, अशी त्यांची आणि त्यांचे दोस्त मास्तर यांची शपथ होती. सुचली होती मास्तरांनाच. तेव्हापासून दर रविवारी दोघं डोळ्यांतून पाणी गाळत, अधूनमधून एखादा किडा गिळत जोडीनं फिरत. काचवाला कोणी दिसला की मास्तर म्हणत, एवढा जीव प्यारा तर घरी खिडकीत बसावं. पण परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी कॅशियरना सरळ दम भरला होता. आता हे मास्तरांना कुठल्या तोंडानं सांगायचं, हाच घोर होता.

शेवटी त्यांनी चाचरत विचारलं, लावली तरी दिसणार नाही अशी काच मिळेल का.

दुकानदार हसला. त्यापेक्षा काढती घ्या म्हणाला. खटके दाबले की हातात. बोलता बोलता त्याची नजर टाकीवर गेली. मास्तरांनी दोघांच्या टाक्यांवर एकेक ससाणा रंगवला होता. अगदी असाच पक्षी आणखी एका गाडीवर आहे, दुकानदाराला आठवलं. चित्रकलेचे मास्तर आहेत कोणी. बरीच वर्षं काढतीच वापरतात.

“फक्त रविवारी काढून ठेवतात. बरोबर कोणी हट्टी माणूस असतो म्हणे, त्याला काच चालत नाही.”

कॅशियरनी आरशात बघून मिशी सारखी केली. मिशी जागेवरच होती.

“त्या हट्टी माणसाबद्दल आणखी काही म्हणाले?”

“म्हणाले, थकलाय आता. फार दिवस नाही यायचा. मग पक्कीच बसवून घेतो.”

कॅशियरनी समोरची काच हळूच बाजूला सारली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि किल्ली फिरवली.

“अहो, मग काढती देऊ ना?”

“काचच नको,” कॅशियर म्हणाले. “अजून पुष्कळ रविवार जायचंय.”