सिम्युलेशन चालू असताना

इझाबेलनं आग्नेसबाईंच्या हातात चहाचा कप दिला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. पंखा थांबला. कोपऱ्यातल्या टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करून ओरडू लागला.

फेबियनचा कप अजून ट्रेमध्येच होता. आग्नेसबाई राजोडीहून आपल्या या मुलासाठी इझाबेलला बघायला गिरीजला आल्या होत्या. इझाबेलनं ट्रे टीपॉयवर ठेवला, "सॉरी हं," म्हणाली आणि सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली.

"इझाबेल!" तिची आई ॲनी दबक्या आवाजात म्हणाली.

कॉम्प्युटर सकाळी चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधीपासून चालू होता. "आजचा दिवस बंद ठेव ना गं, बाय," म्हणून ॲनीनं विनवून पाहिलं होतं. इझाबेलनं ऐकलं नव्हतं. एम.ई.च्या प्रबंधासाठी तिला नेटवर्कचं सिम्युलेशन करायचं होतं. म्हणजे खऱ्या तारा नाहीत, खरी यंत्रं नाहीत. कॉम्प्युटरच्या आतच एक नेटवर्क उभं करायचं आणि वाटेतलं एखादं यंत्र बंद पडलं तर निरोप दुसऱ्या कुठल्या वाटेनं जातो ते बघायचं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, पण तयार नव्हे. लिनक्सवर ते आपल्या हातानं कंपाइल करून उभं करावं लागे. सबंध पावसाळा त्यात गेला. एक एरर मिटवावी तर खाली दुसरी हजर. कधी कंपायलर जास्तच नवा निघायचा, कधी सॉफ्टवेअरला लागणारी एखादी लायब्ररीच सापडायची नाही. कॉलेजातल्या सरांनी तर विषय बदलायचं सुचवलं होतं. मागच्या आठवड्यात ते एकदाचं कुरकुर न करता उभं राहिलं, आणि आज पहिल्यांदाच तिनं मोठा रन लावला होता. रविवारी लोडशेडिंग नसतं, या भरवशावर. मधेच थांबलं तर अर्धवट आकडे कुणाच्याच कामाचे नव्हते. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता.

तिनं मॉनिटर बंद केला. तेवढीच वीज वाचली.

"काय चाललंय त्यात?" आग्नेसबाईंनी विचारलं.

इझाबेलनं दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं.

"अजून किती राहिलंय?"

"तासभर तरी."

यूपीएसनं एक लांब सूर काढला आणि तो गप्प झाला. कॉम्प्युटरच्या डब्यातला बारका पंखा घरघरत थांबला. लाईटबरोबर वाडीतला पंपही बंद पडला होता, त्यामुळे घर अगदीच शांत झालं.

इझाबेल उठली. ओढणी सारखी केली, फेबियनच्या हातात कप दिला. "निवला असेल," ती म्हणाली.

"आता?" आग्नेसबाईंनी विचारलं.

"आता परत पहिल्यापासून लावीन."

"आणि परत लाईट गेली तर?"

"परत लावीन, आंटी."

"लग्नानंतरही हे असंच चालणार?"

ॲनीनं डोळ्यांनी खुणावलं. तिचे पप्पा फर्डिनंड खाली बघत बसले. वेळ निभावून नेण्यापुरतं गोड बोलणं इझाबेलला सहज जमलं असतं. फेबियन तिला आवडला होता. मघापासून तो फारसं बोलला नव्हता, पण त्या बंद पडलेल्या मशीनकडे बघताना त्याचाही चेहरा उतरला होता.

"हो," ती म्हणाली. "हे झाल्यावर पुढचंही शिकायचंय मला."

आग्नेसबाईंनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "निघतो आम्ही," एवढंच त्या म्हणाल्या. दारात फेबियननं मागे वळून पाहिलं, पण आई पुढे निघाली होती.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तशी ॲनी पायरीवरच बसली. "एवढं चांगलं घर. माणसं चांगली, मुलाला अंधेरीला नोकरी. चहा होईपर्यंत त्या डब्याकडे पाठ केली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"जाऊ दे," फर्डिनंड म्हणाले. "तिनं खोटं नाही सांगितलं."

इझाबेलला रडू येत होतं, पण ते रनसाठी की फेबियनसाठी, हे तिचं तिलाच कळेना. संध्याकाळी लाईट आली तेव्हा तिनं तोंड धुतलं आणि रन पुन्हा लावला. जेवणाच्या सुमाराला लाईट पुन्हा गेली.

सोमवारी सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. फेबियन उतरला. आज तो ऑफिसला गेला नव्हता. रिक्षावाल्याला हाताशी घेऊन त्यानं मागच्या सीटवरून एक जड बॅटरी उतरवली, मग इन्व्हर्टर. सगळं पायरीवर ठेवून तो घाम पुसत उभा राहिला.

"हे कुठून आणलंत?" ॲनी बाहेर येत म्हणाली.

"आमच्या घरातलंच आहे. काल घरी पोचल्या पोचल्या मम्मीनं काढायला लावलं."

"अहो, मग तुमच्याकडे काय?"

"मेणबत्त्या आहेत."

ॲनीचा चेहरा उजळला. तिनं आत फर्डिनंडना हाक मारली. "म्हणजे आम्ही होकार समजायचा ना?"

"आमचा होकारच आहे," फेबियन म्हणाला. मग जरा घुटमळून तो दारात आलेल्या इझाबेलकडे वळला. "पण मम्मीचं टीचर्स ट्रेनिंग तिचं लग्न ठरलं तेव्हा सुटलं ते सुटलंच. मला हे कालच कळलं. तिनं तुला सांगितलंय, तुझं हे शिकणं पुरं होईपर्यंत आमच्या घरी यायला हो म्हणू नकोस."